शुगर, दुधाची किटली आणि सासूबाईंचा चहा

बॉर्डरलाइन शुगर निघाली की पहिल्या महिन्यात काय करायचं हे सांगणारे शंभर जण भेटतात. सातव्या महिन्यात, बाहेर धो धो पाऊस, घरी पाहुणे आणि तो रिपोर्ट कपाटात कुठल्या फाईलीत ठेवलाय तेही आठवत नाही, अशा वेळी काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही. मला तरी कुणी सांगितलं नाही. म्हणून २०२२ पासून आत्तापर्यंत काय काय झालं ते तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवतेय, कुणाला उपयोग झाला तर झाला. वजन झपाझप उतरलं वगैरे काही नाही हां यात, माझे आकडे अगदी साधे आहेत.

मी कोल्हापूरची, वय ४८, एका पतसंस्थेत नोकरी, म्हणजे दहा ते सहा खुर्चीत. घरी नवरा, मुलगी आणि सासूबाई. आईला शुगर होती, मोठ्या मामाला होती, त्यामुळं आपल्यालाही कधीतरी होणार हे डोक्यात होतंच, पण ते "कधीतरी" म्हणजे साठीनंतर असं मी आपलं धरून चालले होते.

नवरात्रात, २६ सप्टेंबर २०२२ ला सरकारचं 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' अभियान सुरू झालं, १८ वर्षांवरच्या सगळ्या बायकांची मोफत तपासणी. ऑफिसातल्या आम्ही चौघी त्या दिवशीच्या रंगाच्या साड्या नेसून महापालिकेच्या दवाखान्यात गेलो, खरं सांगायचं तर निम्मा उत्साह फोटोचा होता. आधार कार्ड, केसपेपर, मग उंची-वजनाची एक रांग, बीपीची दुसरी रांग, रक्ताची तिसरी. सगळं मिळून दोनएक तास गेले. वजन ७३, बीपी १३६/८८, हिमोग्लोबिन १०.४ आणि रँडम शुगर १७४. सिस्टरनं त्या १७४ भोवती निळ्या पेननं गोल केला, वर बघितलंही नाही, फक्त म्हणाली, "ताई, उपाशीपोटी एकदा करून घ्या, दसरा झाल्यावर करा पण करा." माझ्या मागच्या बाईचा हात तोवर टेबलावर आलेला.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी, ८ ऑक्टोबरला, घराजवळच्या लॅबमध्ये गेले. फास्टिंग, जेवणानंतरची आणि एचबीएवनसी, सगळं मिळून ९५० रुपये. फास्टिंग ११३ आलं, एचबीएवनसी ६.२. आमच्या डॉक्टरांनी (फी ३००) कागदावर रेघ मारून समजावलं, ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढं डायबेटिस. एचबीएवनसी म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी, त्यामुळं आदल्या रात्री उपाशी राहून तिला फसवता येत नाही. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली जी मला आधी कुठंच वाचायला मिळाली नव्हती, शरीरात लोह कमी असेल तर एचबीएवनसी थोडं वर दाखवू शकतं. माझं हिमोग्लोबिन कमीच होतं, म्हणून त्यांनी आधी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि शुगरची गोळी दिलीच नाही. म्हणाले, "चाला, वजन चारपाच किलो उतरवा, तीन-चार महिन्यांनी परत याच लॅबमध्ये करा." याच लॅबमध्ये यावर जोर होता, दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून डोकं पिकवू नका म्हणाले.

घरी आल्यावर मी रडले. आता हसू येतं, पण तेव्हा आईच्या पायाची जखम डोळ्यासमोर होती.

तर पहिली प्रेरणा म्हणजे भीती. भीती फार जोरात काम करते हो. साखर एका दिवसात बंद, भात बंद, रात्री नुसतं सूप, सकाळी रंकाळा तलावावर फिरायला. दिवाळीत चकलीला हात लावला नाही, सगळ्या नातेवाइकांनी कौतुक केलं, आणि भाऊबीजेला माहेरी गेले तिथं वहिनीनं करंज्यांचं ताट समोर ठेवलं आणि मी एक खाल्ली, मग दुसरी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघितलं तर काहीच झालेलं नव्हतं. चक्कर नाही, तहान नाही, काही नाही. प्रीडायबेटिसची हीच गंमत आहे, कुठंच दुखत नाही. दाढ दुखली की माणूस दाढेकडं लक्ष देतो, इथं नुसता कागद दुखतो, तोही फाईलीत गेला की थांबतो. नोव्हेंबर संपेपर्यंत माझं रंकाळ्यावर जाणं "उद्यापासून" वर आलं होतं.

दुसरी प्रेरणा पैसा. जानेवारी २०२३ ला जिम लावली. वर्षाचे ११,००० आणि ॲडमिशनचे १,०००, पैसे भरले की आपोआप जाऊ असा हिशोब, हा हिशोब आपल्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी केलेला असतो. फॉर्मवर बारीक अक्षरात फी परत मिळणार नाही असं होतं. लेडीज बॅच सकाळी सहा ते सात, आणि आमच्याकडं मुलीचा डबा साडेसहाला लागायचा. आठवडाभर सासूबाईंनी डबा केला, मग त्यांचं कंबरेचं दुखणं निघालं. होळीपर्यंत रेटलं. नंतर फी परत मागायला गेले तर लेखी अर्ज द्या, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, ते दिलं तर वरिष्ठांना विचारून सांगतो, मग फोन उचलेनात, शेवटी एवढं झालं की ५०० रुपये ट्रान्सफर चार्ज भरून मेंबरशिप भाचीच्या नावावर करून मिळाली. ती अजून जाते कधीमधी. तुम्ही जिम लावणार असाल तर आधी महिन्याची फी भरा, महाग पडली तरी, आणि ट्रान्सफर करता येते का ते पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको.

फेब्रुवारीत दुसरा रिपोर्ट केला होता, ६.१. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झालं होतं. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, चालू ठेवा. चालू काय ठेवायचं, बंदच पडायला आलं होतं.

मग स्पर्धा. ऑफिसच्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, रोज रात्री मोबाईलमधल्या पावलांचा स्क्रीनशॉट टाकायचा, १०,००० च्या खाली असेल तर १० रुपये भिशीत. पहिले काही आठवडे धमाल आली. नंतर कळलं की एकजण टीव्ही बघताना मोबाईल हातात घेऊन हलवत बसते. आणि ते दहा हजार कुठून आलं हे नंतर वाचलं तर जपानमध्ये १९६५ ला एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलांवरून ठेवलेलं, तिथून तो आकडा जगभर गेला. डॉक्टरांचं मोजमाप वेगळं होतं, आठवड्याला कमीत कमी १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालायचं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं. ते मला जास्त झेपणारं वाटलं. ग्रुप अजून आहे, त्यावर आता गुड मॉर्निंगची फुलं येतात.

डाएटिशियनचाही प्रयोग करून झाला, ऑनलाइन, तीन महिन्यांचे ४,५००. तिचा चार्ट छान छापलेला होता, पण त्यात क्विनोआ (एक परदेशी धान्य) आणि बदामाचं दूध. आमच्याकडं बुधवार-रविवार मटण शिजतं, पांढऱ्या रश्श्यासोबत मी क्विनोआ कुठं लावू? तरी तिच्याकडून एक गोष्ट कायमची घेतली, ताटात आधी निम्म्या भागात भाजी आणि कोशिंबीर वाढून घ्यायची, मग उसळ-आमटी, आणि भाकरी किंवा भात उरलेल्या जागेत. आधी वाढून घ्यायचं हे महत्त्वाचं, जेवता जेवता घेते म्हटलं की राहतं. आणि भाकरी ज्वारीची असली म्हणून तीन खायच्या नसतात, तीपण शेवटी पीठच आहे. हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की बाई चंचल आहे. मलाही तेच वाटत होतं. बहीण म्हणाली तुझ्यात विलपॉवरच नाही, नवरा काही म्हणाला नाही, पण त्याचं ते न म्हणणं मला ऐकू येत होतं.

जुलै २०२३. अधिक मास सुरू झालेला, घरात अनारशांचे डबे, आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा दुधाचा रतीब बंद पडला. गवळीमामांचे गुडघे गेले, मुलगा पुण्याला, म्हशी विकल्या. आता सासूबाईंचं असं आहे की त्यांना पिशवीचं दूध चालत नाही. चहाला तर नाहीच नाही. दोन दिवस त्यांनी पिशवीच्या दुधाचा चहा पुढ्यात घेतला, एक घोट घेतला आणि कप सरकवून ठेवला, बोलल्या काहीच नाहीत. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला गंगावेशीतून आणूया.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, गंगावेशीत दूध कट्टा आहे. म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात आणि गवळी तुमच्या समोर धार काढून देतो, बरेच जण तिथंच ग्लासभर फेसाळ दूध उभ्याउभ्या पितात. (मी पीत नाही, घरी आणून उकळूनच वापरते, आणि तुम्हालाही तेच सांगेन.) आमच्या घरापासून जाऊन-येऊन चालत तासाभराचं अंतर. नवरा सकाळी साडेसहाला एमआयडीसीत कामाला जातो तो गाडी घेऊन, राहिली माझी स्कूटी. पहिल्या दिवशी किटली स्कूटीच्या हुकला अडकवली आणि खड्ड्यांमधून घरी येईपर्यंत पाव लिटर दूध पायदानावर, साडीच्या काठावर, चपलेत. मांडीत धरून गाडी चालवता येत नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं चालतच जाते.

आणि मी चालत राहिले. तेव्हा लक्षातही आलं नाही की हा "व्यायाम" सुरू झालाय.

हे का टिकलं यावर मी नंतर बराच विचार केला आणि मला जे सापडलं ते असं. मी कागलजवळच्या एका खेड्यातली. आमच्याकडं बाईमाणूस दिवसभर चालायचं, विहिरीवर, रानात, बाजाराला, पण प्रत्येक वेळी हातात काहीतरी असायचं. हात हलवत कुणी बाहेर पडलं की आई विचारायची, "कुठं निघालीस रिकामी हिंडायला?" रंकाळ्यावर मी ट्रॅकसूट घालून गोल गोल फिरायचे तेव्हा आतून सारखं तेच वाटायचं, घरात भांडी पडलीत, कणीक मळायची आहे आणि मी काय करतेय तर फिरतेय. घरी परतल्यावर कुणी काही बोललं नाही तरी मी अपराध्यासारखी दुप्पट वेगानं कामाला लागायचे. किटली हातात असली की हा प्रश्नच नाही. उलट पावणेसहाला सासूबाईच खोलीतून हाक मारायच्या, "उठलीस का गं? दूध नाही." जिमला मी गेले नाही तर जिमचं काही बिघडत नव्हतं, पण कट्ट्यावर गेले नाही तर घरात चहा नाही. लोक विचारतात तुझं मोटिव्हेशन काय, तर सासूबाईंचा चहा.

दुसरं म्हणजे मोजायचं काही नव्हतं. पावलं नाहीत, कॅलरी नाहीत, दूध आलं की काम झालं. कट्ट्यावरचे गवळी माप भरून किटलीत ओतायचे, मग परत थोडं वर, फेस काठापर्यंत यायचा, तो खाली बसेपर्यंत थांबावं लागायचं नाहीतर झाकण बसायचं नाही. ती दोन मिनिटं मी नुसती उभी असायचे. "काय वैनी, आज उशीर?" एवढं विचारणारं माणूस तिथं होतं. ऑफिसच्या ग्रुपमध्ये पस्तीस जणी होत्या, पण न गेल्याचं कुणाच्या लक्षात यायचं नाही.

येताना दोन लिटर दूध आणि स्टीलची किटली हातात असते, म्हणून रंकाळ्याच्या कोपऱ्याला हात बदलायचा, नाहीतर एकच खांदा धरतो. आणि चपला घालून हे करू नका. सप्टेंबरमध्ये माझी टाच धरली, सकाळी पलंगावरून उतरून पहिली चार पावलं टाकताना डोळ्यात पाणी यायचं. फिजिओथेरपिस्टकडं गेले, एका सिटिंगचे ३०० असे दीडेक हजार गेले, त्यांनी पोटऱ्यांचे ताण द्यायला शिकवले, पाण्याच्या बाटलीचा बर्फ करून तळव्याखाली फिरवायला सांगितलं आणि चपला बंद केल्या. १,९०० चे बूट घेतले. साडीवर बूट घालून किटली घेऊन चाललेली बाई बघून शाळेची पोरं हसायची, हसू देत.

१८ नोव्हेंबर २०२३ चा रिपोर्ट, ५.८. वजन ६९. डॉक्टरांनी विचारलं काय केलंत, म्हटलं दूध आणते. त्यांना वाटलं मी दूध प्यायला लागले.

तेव्हा पहिल्यांदा मी ठरवून विचार केला की हेच आणखी कुठं लावता येईल. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाललं तर शुगर कमी चढते. पण रात्री जेवणानंतर "शतपावली" मला कधी जमली नाही, सोफा दिसला की संपलं. मुलगी तेव्हा नववीत, तिचा क्लास साडेआठला सुटायचा आणि नवरा गाडीवरून आणायचा. मी ते काम मागून घेतलं, चालत जायचं, चालत आणायचं. आता साडेआठला क्लासच्या दारात असायचं म्हणजे जेवण पावणेआठला उरकायलाच पाहिजे, त्यामुळं आमचं साडेनऊचं जेवण आपोआप पावणेदोन तास अलीकडं आलं, जे डाएटिशियननं सांगून झालं नव्हतं. मुलगी आधी कुरकुरली, मग येताना शाळेतलं सगळं सांगायला लागली. भाजीसाठी रविवारी कपिलतीर्थ मंडईत चालत, येताना ओझं जास्त झालं तर केएमटी, म्हणजे आमची शहर बस.

आता अडचणींचं. ऑफिसात मार्च एंडिंगला रात्री आठ वाजायचे, तेव्हा क्लासचं काम परत नवऱ्याकडं जायचं, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते माझ्याकडं परत आणायला भांडण काढावं लागायचं. लग्नसराईत ताटात आधी भाजी वाढून घेणं वगैरे जमत नाही, तिथं मी फक्त गोड एकदाच घेते आणि आग्रह करणाऱ्याला शुगर आहे असं सरळ सांगते. "थोडी आहे" म्हटलं की लोक "मग थोडं खा" म्हणतात.

जुलै २०२४ ला मोठा खंड पडला. पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, रस्ते बंद झाले, नदीपलीकडच्या गावांतून दूध येईना, कट्टाही जवळजवळ रिकामा. पिशवीचं दूध सुरू. जिमच्या वेळी आठवड्याचा खंड पडला आणि सगळं संपलं होतं, म्हणून मला धास्ती होती. पण पाणी उतरलं, गवळी परत आले आणि त्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, "कट्टा सुरू झाला म्हणतात?" बास, दुसऱ्या दिवसापासून चालू. भाची शिवाजी विद्यापीठात सायकॉलॉजी शिकते, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली मावशी यावर अभ्यास झालाय, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला, ९६ लोकांवर. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस असाही अंदाज निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही. ते २१ दिवसांचं जे सगळीकडं फिरतं त्याला काही अर्थ नाही. मला हे आधी कळलं असतं तर भाऊबीजेच्या दोन करंज्यांवरून मी एवढा गोंधळ घातला नसता.

त्या आधीचा, जून २०२४ चा रिपोर्ट ६.० आला होता. आंबे. दुसरं कारण नाही. तेव्हा वाईट वाटलं पण २०२२ सारखं नाही, कारण दूध तर आणायचंच होतं, रिपोर्ट काहीही येवो.

खर्चाचं लिहिते म्हणाले होते ना, तर या तपासण्यांची बिलं टाकून देऊ नका. आयकराच्या जुन्या पद्धतीत असाल तर आरोग्य विम्याच्या सवलतीखाली (१९६१ च्या कायद्यात हे कलम ८०डी) प्रतिबंधात्मक तपासणीचे वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत दाखवता येतात, विम्याच्या हप्त्याच्या मर्यादेतच धरतात ते, आणि तपासणीचे पैसे रोख दिलेले असले तरी चालतात. नव्या पद्धतीत हे नाही. आमच्याकडं जानेवारीत पुरावे मागतात, मी बिलं शोधायला घेतली तर दोन पूर्ण कोरी, त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं उडतात. तेव्हापासून बिल हातात आलं की तिथंच फोटो. आणि ज्यांना हा खर्च नको असेल त्यांनी सरकारी दवाखान्यात विचारावं, तिशीनंतर बीपी-शुगर मोफत तपासतात, केसपेपर काढायला लवकर जा एवढंच.

जानेवारी २०२५ ला ५.७, वजन ६७, पोटाचा घेर ९४ सेंटिमीटरवरून ८७. बायकांसाठी आपल्याकडं ८० सांगतात, म्हणजे अजून लांब आहे. कागदावर मी अजूनही प्रीडायबेटिसच.

मग मार्चमध्ये मुलीची दहावी संपली आणि क्लासही संपला. मला वाटलं होतं आता एवढी सवय झालीय, रात्रीचं चालणं काय मी नुसतंही करीन. पंधरा दिवसही टिकलं नाही. सकाळचं दूध व्यवस्थित चालू, आणि रात्री तीच बाई साडेआठला सोफ्यावर. म्हणजे माझा स्वभाव बदलला वगैरे काही नव्हतं, काम होतं तोवर पाय चालत होते. पलीकडच्या कॉलनीत एक काकू एकट्या राहतात, मुलं परदेशात. मे महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, रात्रीचे डोळ्यातले थेंब घालायला कुणीतरी हवं होतं, मी म्हटलं मी येते. थेंब महिन्याभरात संपले. त्यानंतरही काकू साडेआठला दाराची कडी काढून ठेवतात, माझ्याकडून दुसऱ्या दिवशीच्या गोळ्या डबीत भरून घेतात, त्यांच्या त्यांना भरता येतात हे दोघींनाही माहीत आहे. मी पावणेआठला जेवते.

सगळ्यांना हे लागू पडेल असं नाही. माझ्या बहिणीला एकटीनं, हेडफोन घालून, कुणाचंही काम न करता चालायला आवडतं, तिच्यासाठी तेवढा एकच तास स्वतःचा असतो आणि तिच्या हातात कुणी किटली दिली तर ती ती रंकाळ्यात फेकून देईल. मला फक्त एवढं वाटतं की आपण कशासाठी घराबाहेर पडतो हे आधी बघावं आणि त्यालाच व्यायाम बांधावा, दुसऱ्याचं कारण उसनं आणून मी नऊएक महिने घालवले आणि सतराएक हजार रुपये.

सध्याची अडचण वेगळी आहे. डॉक्टर म्हणतात पन्नाशी जवळ आली, आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम पाहिजे, वजन उचला, बसा-उठा करा, नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. दोन किलोचे डंबेल आणलेत, ९०० रुपयांची जोडी, सध्या गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेत. याला काय काम जोडायचं ते अजून सुचलेलं नाही. दळण डोक्यावरून आणायचं म्हटलं तर गिरणी आमच्या बिल्डिंगच्या खालीच आहे, आणि पाणी नळाला येतं. तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे, भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढायला सुरुवात केलीय पण ते आठवड्यातून एकदाच होतं. पुढचा रिपोर्ट दिवाळीनंतर आहे. तोवर कुणाला काही सुचलं तर सांगा, फक्त ज्याच्यावाचून घरात कुणाचं तरी अडेल असं काम पाहिजे.